संगणकावरचं सोवळं-ओवळं

अध्यक्षांनी माझी ओळख 'संगणकतज्ज्ञ' अशी करून दिली, तो त्यांचा मोठेपणा. मी संगणक दुरुस्त करतो. दुकानात कुणी लॅपटॉप घेऊन आलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला, "काका, ब्राउझर कुठला वापरता?" उत्तरही ठरलेलं, "गूगल." गूगल हे शोधायचं ठिकाण झालं. ते ठिकाण ज्या प्रोग्रॅममध्ये उघडतं तो ब्राउझर. पण काकांना हसण्यात अर्थ नाही. एके काळी हेच उत्तर 'तो निळा ई' असं यायचं, आणि एमएससीआयटी केलेली अख्खी पिढी निळा ई म्हणजेच इंटरनेट असं समजून मोठी झाली. मीही त्यातलाच.

त्या निळ्या ईची गोष्ट आधी सांगतो, कारण एकाच ब्राउझरच्या भरवशावर राहिलं की काय होतं, ते मराठी वाचकाने चांगलंच भोगलंय. निळा ई म्हणजे मायक्रोसॉफ्टचा ब्राउझर, इंटरनेट एक्सप्लोरर. त्याची सहावी आवृत्ती २००१ साली विंडोज एक्सपीबरोबर आली. नेटस्केप हा आधीचा बलाढ्य ब्राउझर तोवर हरलेला होता, दुसरा कुणी स्पर्धेत नव्हता, म्हणून सातवी आवृत्ती यायला २००६ उजाडलं. पाच वर्षं! मधल्या काळात आपली मराठी वर्तमानपत्रं इंटरनेटवर आली होती, पण युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना कळणाऱ्या अक्षरांच्या सामायिक पद्धतीत, नव्हती. प्रत्येकाचा फॉन्ट वेगळा, त्याचं संकेतन वेगळं. अनेक ठिकाणी तो फॉन्ट पानाबरोबर अशा रूपात पाठवला जाई, की तो फक्त एक्सप्लोररलाच कळे. नोव्हेंबर २००४ मध्ये फायरफॉक्स आला. मी हौसेने एका सायबर कॅफेत तो बसवला आणि पेपर उघडला. अग्रलेखाच्या जागी एफ, अधिक-उणे, कंस आणि डॉलर यांची खिचडी. कॅफेवाला म्हणाला, "तुमच्या ब्राउझरला मराठी येत नाही."

ब्राउझरला मराठी येत होतं, पानच मराठीत नव्हतं. रोमन चिन्हांवर मराठी अक्षरांचे मुखवटे चढवले होते, आणि ते एकाच दुकानात मिळत होते. पुढे 'पद्म' नावाचं एक एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम, निघालं, ते असली पानं जागच्या जागी युनिकोडमध्ये बदलून दाखवायचं. ते बसवल्यावर फायरफॉक्समध्ये पहिल्यांदा नीट अग्रलेख वाचला तेव्हा मला कोण आनंद झाला होता! अग्रलेख काय होता ते आठवत नाही.

सरकारी कामांचं तेच. एका खात्याच्या संकेतस्थळावर डिजिटल सहीसाठी एक्सप्लोररच हवा, जावाची अमुकच आवृत्ती हवी, म्हणून कित्येक हिशेबनीसांनी एक जुना संगणक कोपऱ्यात तसाच जपून ठेवला होता. त्याला हात लावायचा नाही, अपडेट करायचा नाही, फक्त सही करायची. १५ जून २०२२ ला मायक्रोसॉफ्टने एक्सप्लोररला निरोप दिला, तेव्हा मला पहिल्यांदा त्या कोपऱ्यातल्या संगणकांची आठवण झाली.

आता आजचं बोलू. तुम्ही म्हणाल, आता तशी मक्तेदारी कुठे आहे? क्रोम आहे, एज आहे, ब्रेव्ह, ऑपेरा, विवाल्डी, फायरफॉक्स. भरपूर दुकानं दिसतात. म्हणून एक गंमत पडद्यावर लावलीय. ब्राउझर कुठल्याही संकेतस्थळाच्या दारात गेला की एका ओळीत आपली ओळख सांगतो. ही मायक्रोसॉफ्टच्या एजची ओळ. वाचून दाखवतो: मोझिला ५.०, मग विंडोज वगैरे, मग ॲपल-वेबकिट, मग 'केएचटीएमएल, गेकोसारखा', मग क्रोम, मग सफारी, आणि सगळ्यात शेवटी, मान खाली घालून, एज. तेही पुरतं नाही, शेवटचा ई गाळून ई-डी-जी एवढंच.

नाशिकला क्षेत्रोपाध्यायांच्या वहीत आपल्या आजा-पणजाची नावं निघतात ना, तशी ही ओळ आहे. मोझिला हे नेटस्केपचं घरातलं नाव. नव्वदच्या दशकात काही संकेतस्थळं चांगली पानं फक्त मोझिलालाच द्यायची, म्हणून एक्सप्लोररनेही दारात 'मीच मोझिला' म्हणायला सुरुवात केली. खोटं नाव सांगून पंगतीला बसणं म्हणतात ते हेच. केएचटीएमएल हे लिनक्सवरच्या कॉन्करर या ब्राउझरचं इंजिन, म्हणजे पानाचा कोड वाचून ते पान तुमच्यासमोर रंगवणारा भाग. ॲपलने ते घेऊन वेबकिट बनवलं आणि २००३ साली सफारी आणला. गूगलने वेबकिट घेऊन २००८ मध्ये क्रोम काढला आणि २०१३ मध्ये वेगळी चूल मांडली, तिचं नाव ब्लिंक. शेवटी मायक्रोसॉफ्टनेही स्वतःचं इंजिन सोडून दिलं आणि जानेवारी २०२० मध्ये गूगलच्याच क्रोमियमवर, म्हणजे क्रोमच्या कुणालाही वापरता येणाऱ्या मूळ कोडवर, उभारलेला एज बाहेर काढला.

आज मोठी इंजिनं तीनच: ब्लिंक, वेबकिट आणि फायरफॉक्सचं गेको. सफारी विंडोजवर २०१२ नंतर आलाच नाही. म्हणजे विंडोजवाल्यांसाठी मुख्यतः दोन उरली. क्रोम, एज, ब्रेव्ह, ऑपेरा, विवाल्डी हे सगळे एकाच टाकीचे नळ. नळाचा रंग वेगळा, तोटीची घडण वेगळी, कुणी आत गाळणीही बसवलेली, पण टाकीत काही पडलं की सगळ्याच नळांना येणार. क्रोमियममध्ये गंभीर भोक सापडलं की या सगळ्यांना अपडेट काढावा लागतो, तो त्यामुळे.

"मग स्वदेशी?" मागून कुणीतरी विचारलंत. प्रयत्न झालेत. बंगळूरचा एपिक २०१० साली आला, त्यात भारतीय भाषांत टंकलेखनाची सोय होती. केंद्र सरकारने २०२३ मध्ये भारतीय ब्राउझरसाठी स्पर्धा जाहीर केली आणि ती झोहोने जिंकली. त्यांचा उला चांगला आहे, जरूर वापरून पाहा. पण तोही क्रोमियमवरच. टाकी तीच.

या सगळ्यावरून मी जे करतो ते सांगतो. आमची आजी सोवळ्यात स्वयंपाक करायची. आम्ही पोरं बाहेरून आलो की ओट्याजवळ फिरकू द्यायची नाही. माणसामाणसांत सोवळं पाळणं मला कधीच पटलं नाही, त्यावरून घरात भांडलोही आहे. पण संगणकावर मी कडक सोवळं पाळतो. माझ्याकडे दोन ब्राउझर आहेत, दोन वेगळ्या टाक्यांचे. एक सोवळ्यातला, एक ओवळ्यातला.

सोवळ्यातला एज. तुमचा क्रोम असला तरी चालेल. त्यात बँक, आयकर, वीजबिल, पेन्शन, एवढंच. एकही एक्स्टेन्शन नाही, बातम्या नाहीत, शोधाशोध नाही. बँका आणि सरकारी खाती आपली पानं बहुधा क्रोमवर तपासून घेतात, म्हणून या कामाला क्रोमच्या भाऊबंदांपैकी कुणीतरी बरा.

ओवळ्यातला फायरफॉक्स. बाकी सगळी भटकंती त्यात. त्यात यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन. क्रोमने एक्स्टेन्शनांचे नियम बदलले आणि त्यात हे पुरं यूब्लॉक बसेना. तिथे आता त्याची 'लाइट' धाकटी आवृत्ती मिळते. फायरफॉक्समध्ये मूळचं अजून चालतं. पेपरचं एखादं पान यूब्लॉकशिवाय आणि यूब्लॉकसकट उघडून बघा. बातमी कुठे संपते आणि साड्यांचा सेल कुठे सुरू होतो, हे पहिल्यांदा कळेल.

एक्स्टेन्शन मोजकी ठेवा असं मी सारखं म्हणतो, कारण एक्स्टेन्शन विकली जातात. 'द ग्रेट सस्पेंडर' नावाचं एक होतं, न वापरलेले टॅब झोपवून मेमरी वाचवणारं, लोकांच्या फार आवडीचं. २०२० मध्ये मूळ कर्त्याने ते दुसऱ्याला दिलं, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये त्यात घातक कोड आहे म्हणून गूगलने ते काढून टाकलं. ज्यांनी बसवलं होतं त्यांनी काहीच चूक केली नव्हती. दारावरची पाटी तीच राहिली, आतला माणूस बदलला.

आता यातली खरी मेख. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये 'डीफॉल्ट ॲप्स' म्हणून जागा आहे. तिथे ओवळ्यातला ब्राउझर नेमा. का? मेलमधली, संगणकावरच्या व्हॉट्सॲपमधली लिंक दाबली की ती सहसा नेमलेल्या ब्राउझरमध्ये उघडते. समजा उद्या मेल आला, 'तुमचं खातं आज रात्री बंद होतंय, इथे दाबा.' तुम्ही दाबलंत. माणूस आहे, घाबरतो. पान उघडलं फायरफॉक्समध्ये, हुबेहूब बँकेचं. पण तुमचा पासवर्ड फायरफॉक्सने कधी पाहिलेलाच नाही, तो आपणहून भरून देणार नाही. आणि तुमच्याही डोक्यात घंटा वाजली पाहिजे: इथे तर मी बँकेचं काम करत नाही, मग बँक इथे काय करतेय? ही सवय लागायला महिनाभर जातो. एकदा लागली की सुटत नाही. बाहेरून आल्यावर आपण पाय धुतोच की.

याने सगळं टळतं असं नाही. विंडोजमध्येच एखादा चोर प्रोग्रॅम शिरला, तर तो दोन्ही ब्राउझरांची कपाटं उघडतो. म्हणून अपडेट. वर उजव्या कोपऱ्यात बटण येतं, ते आठ-आठ दिवस तसंच ठेवून नवा ब्राउझर शोधणारे मी पाहिलेत. आणि ती खासगी खिडकी, क्रोममधलं 'इन्कॉग्निटो'. तिने एवढंच होतं, की तुमच्या संगणकावर इतिहास राहत नाही. ऑफिसच्या नेटवर्कला आणि इंटरनेट देणाऱ्या कंपनीला तुम्ही कुठल्या संकेतस्थळांवर गेलात ते कळू शकतं.

पैशाचंही थोडं. हे ब्राउझर फुकट का? २०२१ या एका वर्षात गूगलने शोधाचं डीफॉल्ट ठिकाण आपलंच राहावं म्हणून ब्राउझर आणि फोनवाल्यांना २६ अब्ज डॉलरहून जास्त दिले, हे अमेरिकेतल्या खटल्यात बाहेर आलं. ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायाधीश अमित मेहता यांनी शोधाच्या बाबतीत गूगलने बेकायदा मक्तेदारी राखली असा निकाल दिला. फायरफॉक्सवाल्या मोझिलाची मोठी कमाईही गूगलच्या अशाच पैशातून येते. म्हणजे दुसऱ्या टाकीची पाणीपट्टी भरणारा पहिल्या टाकीचा मालक. मला हे आवडत नाही, पण विंडोजवर तिसरी टाकी कुठे आहे?

एजचा एक गुण सांगायचा राहिला, समोर चष्मेवाले बरेच दिसताहेत. त्यात 'मोठ्याने वाचा' अशी सोय आहे आणि मराठी आवाज दोन, आरोही आणि मनोहर. आमचे शेजारी मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर पंधरा दिवस मनोहरकडून पेपर ऐकत होते. आकडे आले की तो अडखळतो, ही त्यांची तक्रार. एवढ्यासाठी एज सोवळ्यातून बाहेर काढू का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, काढा, मग बँक क्रोममध्ये न्या.

एक चिठ्ठी आलीय: 'माझ्याकडे विंडोज ७ आहे, चालेल का?' क्रोमची १०९ वी आवृत्ती ही विंडोज ७ वरची शेवटची, जानेवारी २०२३ ची. मोझिलाने ११५ वी आवृत्ती जुन्या विंडोजसाठी मुदती वाढवत पुढेही सांभाळली. तेव्हा त्यावर फायरफॉक्स घाला, पेपर वाचा, भजनं ऐका, नातवाचे फोटो बघा. बँक मात्र त्या संगणकावर नको, कुठल्याच ब्राउझरमध्ये. ज्यांनी लॅपटॉप आणलेत त्यांनी चार्जर घेऊन पुढे या, टेबलाजवळ दोनच प्लग आहेत.