पाण्याखालचा श्वास ठाण्यातच शिकून घ्या

(ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या एका गृहसंकुलात रहिवाशांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन. बोलणाऱ्या बाई डायव्हिंग शिकवतात.)

एका प्रश्नापासून सुरुवात करते. समजा, दोन मीटर लांबीची नळी तोंडात धरून तुम्ही तरण तलावाच्या तळाशी बसलात. नळीचं दुसरं टोक पाण्याच्या वर, हवेत. श्वास घेता येईल का?

लहान मुलं लगेच "हो" म्हणतात. बरेच मोठेही म्हणतात. उत्तर "नाही" असं आहे, आणि ते का, हे एकदा समजलं की आज मी सांगणार आहे त्यातलं निम्मं तुमचं तुम्हालाच सुचेल. पाण्यात एक मीटर खाली गेलं की शरीराच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे १०० ग्रॅम जास्तीचा भार येतो. छाती-पोटाचं एकूण क्षेत्रफळ धरा, म्हणजे किती किलो झाले ते कळेल. नळीतून येणारी हवा मात्र वरच्याच दाबाची असते. एवढा भार उचलून छाती फुगवायची ताकद आपल्या बरगड्यांच्या स्नायूंत नाही. शिवाय सोडलेला श्वास त्या लांब नळीतच राहतो आणि पुढच्या वेळी तोच परत आत येतो. म्हणून स्नॉर्केलची नळी जेमतेम ३५-४० सेंटिमीटरची असते. तोंड पाण्यात, पाठ वर, शरीर आडवं, हेच तिचं काम.

स्कूबाने, म्हणजे हवेची टाकी पाठीवर घेऊन पाण्याखाली जायच्या तंत्राने, हा प्रश्न वेगळ्या वाटेने सोडवला. १९४३ साली फ्रान्समध्ये झाक कूस्तो आणि एमिल गान्यां या दोघांनी असा झडपेचा रेग्युलेटर तयार केला, की तुम्ही ज्या खोलीवर असाल तिथल्या पाण्याच्या दाबाइतक्याच दाबाची हवा, श्वास ओढताक्षणी तोंडात मिळावी. बाहेरून पाणी जितकं दाबतं तितकीच आतून हवा दाबते, त्यामुळे छाती सहज फुगते. पाठीवरच्या टाकीला सगळे ऑक्सिजन सिलिंडर म्हणतात, पण तिच्यात साधी हवाच असते, आपण या हॉलमध्ये घेतोय तीच, गाळून आणि दाबून भरलेली. १२ लिटरच्या टाकीत २०० बारच्या, म्हणजे बाहेरच्या हवेच्या साधारण दोनशे पट, दाबाने साधारण २४०० लिटर हवा मावते. शुद्ध ऑक्सिजन भरला तर सहा मीटरच्या खाली तो शरीराला विषारी ठरू लागतो.

आता तुमच्या सहलीकडे येते. दिवाळी झाली की ठाण्याहून कोकणकन्येचं तिकीट मिळणं मुश्कील, हे मी सांगायला नको. कुडाळला उतरायचं, तारकर्लीला राहायचं, सिंधुदुर्ग किल्ला बघायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी "स्कूबा करायचं". बोटीवर पाच-सात मिनिटांत सगळं सांगून होतं. इंजिनाचा आवाज, बोट हलतेय, कुणाला तरी मळमळतंय, मुलांचा गलका. सांगणारा मालवणचा पोरगा बहुतेक वेळा चांगला असतो, समुद्र त्याच्या अंगात मुरलेला असतो. पण त्या गोंधळात शिकणाऱ्याच्या डोक्यात काय शिरणार? मग पाण्यात उतरल्यावर जीव घाबरतो, दहा मिनिटं त्या पोराचा हात घट्ट धरण्यात जातात, आणि हातात उरतो तो व्हिडिओ. त्यात मासे दिसतात, पण पाण्यात असताना तुम्ही ते पाहिलेलेच नसतात.

माझं म्हणणं एवढंच आहे, की हे शिक्षण बोटीवर व्हायचं नाही. ते इथे, ठाण्यात, तलावात, निघायच्या आधीच्या काही आठवड्यांत होतं. आणि त्याला टाकी लागत नाही. मास्क, स्नॉर्केल आणि कमरेएवढं पाणी पुरतं.

काय करायचं ते सांगते. पहिले दोन-तीन दिवस मास्क लावूच नका. स्नॉर्केल तोंडात धरा, चेहरा पाण्यात घाला आणि तोंडाने श्वास घेत राहा. नाक उघडं आहे, त्याला पाणी लागतंय, आणि तरी श्वास चालू आहे. ऐकायला सोपं वाटतं, पण पहिल्यांदा करताना बहुतेकांचं डोकं झटकन वर येतं. नाकाला पाणी लागलं की श्वास रोखायचा आणि वर धाव घ्यायची, हे आपण जन्मतः घेऊन आलोय. जमिनीवर राहणाऱ्या प्राण्याला ते बरोबरच आहे. पाण्याखाली, पाठीवर टाकी असताना, नेमकं तेच जिवावर बेततं. ते का, हे नीट समजून घ्या, कारण अख्ख्या डायव्हिंगमध्ये यापेक्षा मोठा नियम नाही.

समुद्रात दर १० मीटरला एका वातावरणाइतका, म्हणजे वरच्या हवेच्या दाबाइतका, दाब वाढतो. १० मीटरवर दाब दुप्पट. तिथे तुम्ही छातीभर श्वास घेतला, तो रोखला आणि वर आलात, तर पृष्ठभागावर येईपर्यंत तीच हवा दुप्पट जागा मागते. फुप्फुसात तेवढी जागा नसते, आणि फुप्फुस फाटतं. लोक मला म्हणतात, "मॅडम, मालवणला कुठे खोल आहे? पाच-सात मीटर तर पाणी." पण गणित करून बघा. ३० मीटरवरून २० मीटरवर येताना हवा एक-तृतीयांशाने वाढते. १० मीटरवरून वर येताना ती दुप्पट होते. सगळ्यात मोठा बदल वरच्याच पाण्यात असतो. टाकीतली हवा छातीभर घेऊन श्वास रोखला, तर दीड-दोन मीटरवरूनही इजा होऊ शकते, म्हणजे आपल्या तरण तलावातसुद्धा. म्हणूनच शिकवणारा सोबत नसताना टाकीला हात लावायचा नाही. श्वास कधीही रोखायचा नाही, आणि वर येताना तर मुळीच नाही. हे डोक्याला कळून भागत नाही, अंगात भिनावं लागतं, आणि त्याला रोजची थोडी थोडी सवयच लागते.

ते जमलं की मास्क घाला. मुद्दाम थोडं पाणी आत घ्या, मास्कची वरची कड कपाळाशी दाबा, मान किंचित वर करा आणि नाकाने हवा सोडा. पाणी खालून निघून जातं. मग स्नॉर्केलमध्ये पाणी भरू द्या आणि एका जोरदार फुंकरीने ते उडवा. शेवटी पाठीवर आणि पोटावर, हातपाय न मारता, नुसतं तरंगत राहा. डायव्हिंगचा पहिला रीतसर कोर्स करणाऱ्याला २०० मीटर पोहून आणि १० मिनिटं तरंगून दाखवावं लागतं. एकदाच खाली जाऊन येणाऱ्या पर्यटकाला ही अट नसते, पोहता न येणाऱ्यांनाही नेतात. मला विचाराल तर पाठीवर तरंगता येत नाही तोवर जाऊ नका. त्या पोराच्या हातात तुमचा हात आहे म्हणून तुम्ही सुरक्षित आहात असं वाटतं, पण तो हात सुटला तरी तुम्ही शांत राहाल, एवढं तुमच्याजवळ हवं.

कानांचं थोडक्यात सांगते. खाली जाताना नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं, कान "पट्" वाजतात. दुखायच्या आधी फुंकायचं, दर अर्ध्या-एक मीटरला. दुखायला लागलं तर थोडं वर यायचं. जोर लावायचा नाही. सर्दी असेल तर त्या दिवशी किनाऱ्यावर बसा. सर्दीची गोळी घेऊन उतरू नका. पाण्याखाली गोळीचा असर संपला की वर येताना हवा कानात अडकते.

आणि बोटीवर एक कागद सही करायला देतात. दमा आहे का, फिट येतात का, हृदयाचा त्रास, कानाचं ऑपरेशन, गरोदरपण? सगळीकडे "नाही" लिहून सही करणारे मी फार पाहिले आहेत. तो कागद त्यांच्या सोयीचा असेल, पण त्यातले प्रश्न तुमच्या जिवाचे आहेत. घरून निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारा. साठीच्या पुढच्यांना विशेष सांगते, स्नॉर्केलिंगही श्रमाचंच काम आहे. वरून दिसतं तेवढं ते हलकं नाही, हृदयावर ताण येतो.

एक खूण मात्र आजच घोकून ठेवा. आपण "मस्त" म्हणायला अंगठा वर करतो. पाण्याखाली अंगठा वर म्हणजे "मला वर जायचंय". सगळं ठीक असेल तर अंगठा आणि तर्जनी जोडून गोल करायचा. काही बिघडलं तर पसरलेला पंजा डावी-उजवीकडे हलवायचा आणि मग जिथे त्रास आहे तिथे बोट दाखवायचं.

कोणत्या दिवशी जायचं, हे कोळी बांधव पंचांगात बघतात, तुम्हीही बघा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाणी खूप वर चढतं, खूप खाली उतरतं, ओढ जास्त आणि गढूळपणाही जास्त. अष्टमीच्या सुमाराला भांग असते, पाणी त्या मानाने शांत. रजा टाकताना शनिवार-रविवारबरोबर तिथीही बघितलीत, तर त्याच पैशांत दुप्पट दिसेल. पावसाळ्यात तर विचारच नको, तेव्हा तिथलं सगळं बंद असतं.

आता मला सगळ्यात जिव्हाळ्याचा विषय. मालवणचा हा किनारा १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झालाय. ज्या किल्ल्याचं बांधकाम शिवाजी महाराजांनी १६६४ साली सुरू केलं, त्याच्या भोवतालच्या खडकांवर प्रवाळ आहे. प्रवाळ म्हणजे दगड नव्हे. ते लहान लहान जीव आहेत, स्वतःभोवती चुन्याचं घर बांधत एकमेकांना चिकटून राहणारे. त्यांच्या पेशींमध्ये सूक्ष्म शैवाल राहतं, ते उन्हात अन्न तयार करतं आणि प्रवाळाला देतं. पाणी नेहमीपेक्षा एक-दोन अंशांनी काही आठवडे तापलेलं राहिलं, की प्रवाळ त्या शैवालाला बाहेर टाकतं, पांढरं पडतं, आणि तसंच राहिलं तर उपासमारीने मरतं. लक्षद्वीपमध्ये हे १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ साली मोठ्या प्रमाणावर घडलं. समुद्राचं तापणं आपण एकट्याने थांबवू शकत नाही. पण एक गोष्ट पूर्णपणे आपल्या हातात आहे, म्हणजे खरं तर पायात. उथळ पाण्यात प्रवाळ मोडतं ते स्नॉर्केलिंग करणाऱ्यांच्या पायांखाली. माणूस दमतो, मास्कमध्ये पाणी जातं, तो घाबरतो आणि जे पायाला लागेल त्यावर उभा राहतो. कितीतरी वर्षांत वाढलेलं प्रवाळ एका क्षणात तुटतं. त्या माणसाला ते कळतही नाही, त्याच्या मनात काही वाईट नसतं. त्याला तरंगता येत नव्हतं, एवढंच. मी तलावात तरंगायला शिका म्हणते, ते तुमच्यासाठी म्हणते तितकंच त्या जिवांसाठीही म्हणते.

तुटलेला तुकडाही आठवण म्हणून उचलून आणू नका. वन्यजीव संरक्षण कायद्यात प्रवाळाला वाघाच्याच अनुसूचीत ठेवलंय. माशांना बिस्किटं, पाव घालू नका, आणि व्हिडिओत गर्दी दिसावी म्हणून कुणी घालत असेल तर स्पष्ट "नको" म्हणा. खडकांवरचं शेवाळ खाणारे मासे पावाला सोकावले, की शेवाळ माजतं आणि प्रवाळाची जागा जाते. सनस्क्रीन थापण्याऐवजी पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा सदरा घाला.

समोरून एक चिठ्ठी आली आहे: "आपल्या ठाण्याच्या खाडीत का नाही करता येत?" प्रश्न छान आहे. खाडीत गाळ इतका, की पुढे केलेला स्वतःचा हात दिसायचा नाही, आणि सांडपाणी आहे ते वेगळंच. प्रवाळाला स्वच्छ, उजेडाचं पाणी लागतं. पण गढूळ म्हणजे निर्जीव असं समजू नका. त्या चिखलातल्या शैवालावर आणि बारीक जिवांवर आपले रोहित पक्षी जगतात, २०२२ पासून ती खाडी रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आहे. ती काठावरून, दुर्बिणीतून बघायची जागा आहे.

दुसरी चिठ्ठी अंदमानची आहे: "सहा दिवसांची सहल आहे. स्कूबा कोणत्या दिवशी ठेवावं?" शेवटच्या दिवशी नको, हे आधी सांगते. दाबाखाली श्वास घेताना हवेतला नायट्रोजन रक्तात आणि ऊतींत विरघळतो. सोड्याच्या बाटलीचं झाकण झटकन उघडल्यावर जसे बुडबुडे येतात, तसे दाब अचानक कमी झाला तर ते शरीरात येऊ शकतात. विमानाच्या केबिनमध्ये हवेचा दाब जमिनीपेक्षा कमी असतो. म्हणून एकदाच खाली गेला असाल तर विमानात बसण्याआधी किमान १२ तास, आणि अनेकदा किंवा लागोपाठचे दिवस गेला असाल तर किमान १८ तास जाऊ द्यायचे. तेव्हा पोर्ट ब्लेअरला, म्हणजे आताच्या श्री विजयपुरमला, उतरलात की दुसऱ्याच दिवशी बोटीने हॅवलॉक, म्हणजे आताचं स्वराज द्वीप, गाठा. तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी सकाळी पाण्यात जा. पाचव्या दिवशी परत या आणि सेल्युलर जेल निवांत बघा. सहाव्या दिवशीचं विमान कितीही पहाटेचं असलं तरी काळजी नाही.