केल्विन अँड ह्यूजेस, १९१७

[चोर बाजार, सकाळ]

मटण स्ट्रीटवर शटर वर गेलं की उन्हाची पहिली तिरीप पडते ती पितळेवर. जहाजाचे कंदील, होकायंत्रं, घडीच्या दुर्बिणी. आणि मखमलीच्या पेटीत हा सेक्स्टंट. समुद्रावर कोन मोजायचं यंत्र. जवळून बघा, काय कोरलंय: ‘केल्विन अँड ह्यूजेस, लंडन, १९१७’.

या दोन घराण्यांची मिळून कंपनी झाली १९४७ साली. म्हणजे जन्माच्या तीस वर्षं आधीच तिने माल बाजारात आणला! उत्तराखंडातल्या रुडकीला अशा शोभेच्या वस्तू आजही नव्याने घडतात, आणि सुरेख घडतात. तक्रार त्या कारागिरांबद्दल नाही. तक्रार ‘जुना पीस आहे, साहेब’ या चार शब्दांबद्दल आहे.

[वरळीचा कठडा, समुद्र]

हा दुसरा. काळा, रंगाचे पोपडे उडालेला. पूर्व जर्मनीतल्या फ्रायबर्गचा. गुजरातमधल्या अलंगला जहाज मोडीत निघालं की त्याचं सामान त्रापजच्या रस्त्यावरच्या दुकानांत येतं. गाद्या, ताटल्या, सोफे, लाइफ जॅकेटं... त्यांत कधीतरी असं एखादं.

हात निवृत्त कप्तानाचे आहेत. फिरता दांडा कंसाच्या, म्हणजे अंश कोरलेल्या कमानीच्या, मध्यावर आणला. आता ते वरच्या आरशात तिरकं पाहतायत. आरशातला कंस आणि खरा कंस, दोन्ही एका ओळीत हवेत. नसतील तर आरसा कललाय, बारीक स्क्रू फिरवून तो सरळ होतो. मग यंत्र शून्यावर आणि डोळा क्षितिजावर. रेघ अखंड दिसायला हवी. इथे मध्येच एक पायरी पडलीय. ड्रम, म्हणजे बारीक कोन वाचायची चकती, फिरवला... अजून थोडा... जुळली. चूक दोन मिनिटांची. घड्याळातली नव्हेत, कोनातली मिनिटं: अंशाचा साठावा भाग म्हणजे एक.

हे वाईट नाही. माहीत असलेली चूक हिशेबात धरता येते. धरली नाही, तर ताऱ्याची क्षितिजापासूनची उंची कोनात मोजताना एका मिनिटाला एक सागरी मैल, १,८५२ मीटर, इतकी जागा सरकते. कंसाच्या आखणीतले दोष मात्र स्क्रूने जात नाहीत. ते झाकणाच्या आत चिकटवलेल्या प्रमाणपत्रावर लिहिलेले असतात, किती अंशांवर किती. पेटी घेताना आधी तो पिवळा कागद शोधायचा, पॉलिश नंतर.

उपग्रह नव्हते तेव्हा किनाऱ्याजवळची खोली सेक्स्टंटने नकाशावर चढली. नावेत दोघे सेक्स्टंट आडवे धरून उभे. काठावरच्या तीन खुणा, त्यांच्यामधले दोन कोन, दोन्ही एकाच क्षणी. त्यावरून नावेची जागा ठरते. त्याच क्षणी तिसरा खोली वाचणार.

पुढे जीपीएस आलं आणि हे काम त्याच्याकडे गेलं. आणि अशी यंत्रं जिथून निघतात, त्या अलंगच्या किनाऱ्यावरच्या प्लॉटवर जहाजं कापताना माणसं जखमी होतात, मरतातही. तिथे आम्हाला कॅमेरा नेता आला नाही.

[पुन्हा चोर बाजार]

गिऱ्हाईक आलंय. पितळेचा उचलला, उन्हात धरला, फोटो काढला. किंमत विचारतोय.