ठिबकची नळी आणि सुईचं टोक

(गावातल्या कनिष्ठ महाविद्यालयात विज्ञान दिनाला दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

येताना पांदण रस्त्यावर एक बंडी आडव्या पडलेल्या ठिबकच्या नळीवरून गेली. नळी 16 मिलिमीटरची. पण चाकाचा आस बरोबर नळीवर येण्याच्या सात-आठ बोटं आधीच चाक उचललं गेलं, आणि तेवढंच पुढे जाऊन खाली आलं. नुसत्या आसाची वाट कागदावर काढली, तर उंचवटा नळीएवढाच उंच दिसेल, रुंदी मात्र कितीतरी जास्त. माझं अर्धं व्याख्यान त्या बंडीनंच दिलं म्हणा ना.

अॅटॉमिक फोर्स मायक्रोस्कोप, म्हणजे एएफएम, पाहत नाही, चाचपतो. बिनिग, क्वेट आणि गर्बर यांनी 1986 साली तो जगापुढे मांडला. केसाच्या जाडीहून थोड्याशाच लांब अशा लवचिक पट्टीच्या टोकाला सुई. सुईचं अग्र साधारण 10 नॅनोमीटर त्रिज्येचं; नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. पट्टीच्या पाठीवर लेसर पडतो. डब्याच्या झाकणाने तुम्ही वर्गाच्या भिंतीवर कवडसा पाडता, तेव्हा झाकण जरासं हललं तरी कवडसा केवढी उडी मारतो! पट्टीचं लवणं तसंच मोजतात.

आता त्याखाली डीएनए ठेवू. त्यासाठी अभ्रक घेतात. चिकटपट्टी लावून वरचा पापुद्रा ओढला की खाली अगदी सपाट, कोरं आवार मिळतं. अभ्रकही ऋण, डीएनएही ऋण, म्हणून मधे मॅग्नेशियमसारखे धन आयन घालावे लागतात. डीएनएची जाडी 2 नॅनोमीटर, पण चित्रात रुंदी भरते 10-15. बंडीचं चाक आठवा. म्हणून रुंदीवर भिस्त ठेवायची नाही, उंची मोजायची.

पण भरलेली बंडी नळी चेपतेही! हवेत वाळलेला डीएनए 1 नॅनोमीटरहूनही बुटका दिसू शकतो. म्हणून सुई ओढत नेण्याऐवजी टिचक्या मारत नेतात, आणि प्रथिनं असली तर शक्यतो पाण्यातच तपासतात.

गर्भचाचणीच्या पट्टीवर जी रेघ उमटते, तिथे प्रतिपिंडं, म्हणजे ठरावीक रेणू पकडणारी प्रथिनं, बसवलेली असतात. पट्टीचा कागद फार खडबडीत, त्यामुळे ती कशी बसतात हे सपाट काचेवर किंवा अभ्रकावर एएफएमने बघतात : एकसारखी पसरली, की ढीग झाले? एकदा मला प्रत्येक रेणू जोडीने दिसला, आणि सगळ्या जोड्या एकाच दिशेला. दोन दिवस मी हरखून होतो. सुईचं टोक मोडून त्याला दोन शेंडे फुटले होते. प्रत्येक रेणूवर मी माझीच सुई पाहत होतो.

अशा प्रतिपिंडांच्या थराची जाडी काढायची, तर सारवलेल्या अंगणाचा एक चौकोन खरवडावा तसा सुईनेच थर खरवडतात, मग हलक्या हाताने मोठा भाग चाचपून खड्ड्याची खोली मोजतात. इथे मागच्या बाकावरून एका मुलीने विचारलं, "सर, सारवणासोबत भुईही खरवडली गेली तर?"

हाच खरा प्रश्न. आधी तेवढ्याच जोराने कोऱ्या काचेवर खरवडून बघायचं. तिथे ओरखडा उठला नाही, तर खड्डा थराचाच. उठला, तर जोर कमी करून पुन्हा पहिल्यापासून.