लाकडाची, आणि लाकडासारखी

(पडद्यावर : टेबलावर आडवं ठेवलेलं दार)

हे मोटारीचं दार आहे. मेपलची चौकट, मधे बर्चची फळी. बिजागऱ्या आणि कडी सोडली तर लोखंड म्हणावं असं यात फारसं नाही. १९४० च्या दशकातल्या फोर्ड स्टेशन वॅगनचं, म्हणजे मागे सामानाला भरपूर जागा असलेल्या लांब गाडीचं, हे दार दुरुस्तीला आलंय. कॅलिफोर्नियातल्या या वर्कशॉपमध्ये ग्रीसपेक्षा लाकडाच्या भुशाचा वास जास्त येतो.

कोपरा जवळून बघा. उभा आणि आडवा तुकडा नुसता टोकाला टोक लावून ठोकलेला नाही. दोन्ही टोकांना दाते पाडलेत, दात्यात दाता बसवलाय आणि मग चिकटवलंय. गाडी खड्ड्यातून जाणार, वळणावर पिळवटणार, तरी चौकट उघडता कामा नये. पाणी शिरलं की पहिला काळा डाग मात्र इथेच पडतो. आधी जुनं वॉर्निश खरवडायचं, मग डाग उतरतो का बघायचं. नाही उतरला, तर तेवढा भाग कापून त्याच जातीच्या लाकडाचा तुकडा बसवायचा, तोही रेषेला रेष लागेल असा. त्या रेषेसाठी हा सुतार थप्पीतल्या फळ्या किती वेळ उलटसुलट करत होता! आम्ही त्यातले दहा सेकंद ठेवलेत.

नंतर होड्यांना लावतात ते वॉर्निश. पातळ हात, वाळवण, घासाई, पुन्हा हात. नवी गाडी घेणाऱ्यालाही दरवर्षी हे करावं लागायचं. ज्यांनी केलं नाही, त्यांच्या गाड्या पावसात कुजल्या.

(पडद्यावर : जुनी छायाचित्रं, रेल्वे स्टेशन)

सुरुवात हौशीची नव्हती. रेल्वेने आलेले पाहुणे आणि त्यांच्या ट्रंका हॉटेलात न्यायच्या, म्हणून फोर्ड मॉडेल टीच्या सांगाड्यावर सुतारांनी लाकडी डबा चढवला. स्टेशनची गाडी, म्हणून स्टेशन वॅगन. १९२९ मध्ये फोर्डने स्वतःच मॉडेल एची अशी गाडी विकायला काढली. लाकूड घरचंच होतं. मिशिगन राज्याच्या उत्तर भागात हेन्री फोर्डने लाखो एकर जंगल घेतलं होतं आणि आयर्न माउंटन इथे मोठी लाकूड गिरणी उभारली होती. उरलेले तुकडे, भुसा वाया जाऊ नये म्हणून त्याचा कोळसा करून वड्या पाडल्या. अमेरिकेत अंगणात मांस भाजायला आजही जो किंग्सफर्ड कोळसा वापरतात, त्याचं मूळ या गिरणीत आहे.

(पडद्यावर : समुद्रकिनारा, टपावर सर्फबोर्ड, गाड्यांची रांग)

कॅलिफोर्नियातल्या एन्सिनिटासचा मूनलाइट बीच. सगळ्या चकचकीत, मधाच्या रंगाच्या. आज यांच्या किमती ऐकून घाम फुटतो, पण १९५० च्या दशकात या गाड्या कुणालाच नको होत्या. दुरुस्ती महाग, म्हणून गाडी स्वस्त. दहा फुटी बोर्ड आत मावतो आणि रात्री झोपताही येतं, एवढं सर्फिंग करणाऱ्या पोरांना पुरेसं होतं. लाकडाची गाडी आणि समुद्र यांची जोडी जमली ती पोरांच्या खिशात पैसे नव्हते म्हणून. पोस्टरवाल्यांना हे नंतर सुचलं.

आमचा जीव मात्र पुढच्या गाडीत अडकलाय.

(पडद्यावर : रस्त्याच्या कडेला फोर्ड कंट्री स्क्वायर)

हिच्या अंगावर लाकूड नाही. पोलादी पत्रा आणि त्यावर लाकडाच्या छापाचा व्हिनाइल, म्हणजे प्लास्टिकचा पातळ ताव. आपल्याकडे प्लायवूडवर सनमायका चढवतात, तोच प्रकार. १९४९ मध्ये प्लिमथने सबर्बन ही पूर्ण पोलादी वॅगन आणली आणि सुतारकाम संपत आलं. ब्युइकने १९५३ पर्यंत खरं लाकूड टिकवलं. फोर्ड १९५२ मध्येच छापावर आली होती, आणि हा छाप कंट्री स्क्वायरच्या अंगावर १९९१ पर्यंत राहिला. फसवणूक म्हणावी, तर फसत कुणीच नव्हतं. गाडी कशाची आहे हे दारावर टिचकी मारली की कळतं. तरीही लोक छापाचे जास्तीचे पैसे मोजत होते. दारात उभी असलेली साधी पत्र्याची वॅगन मालवाहू वाटे. ही घरची वाटे.

आता मागचं दार. हे दृश्य आम्ही मुद्दाम लांबवलंय. जनरल मोटर्सच्या १९७१ ते ७६ च्या मोठ्या वॅगन्समध्ये किल्ली फिरवली की काच सरकत वर टपात जाते आणि खालचा पत्रा गाडीच्या तळाखाली गडप होतो. बाहेर उघडणारं दारच नाही! मागची सीट आडवी केली की चार बाय आठ फुटांचा प्लायवूडचा अख्खा ताव सपाट बसतो. आणि शेवटची सीट. ती अनेक वॅगन्समध्ये मागे तोंड करून असायची. आईवडिलांपासून सर्वात लांब, मागच्या गाडीवाल्याला वेडावून दाखवायला सर्वात सोयीची. सुरक्षेच्या दृष्टीने ती काय होती, ते आज बोलायलाच नको.

(पडद्यावर : जुना व्हिनाइल सोलताना, हीट गन)

आता छापाच्या गाडीची दुरुस्ती बघा. उन्हाने फिका पडलेला, कडांना तडकलेला व्हिनाइल गरम करून इंचाइंचाने सोलायचा. खालचा गोंद काढायचा. पत्र्यावर साबणाचं पाणी, त्यावर नवा ताव, मग रबरी पट्टीने मधून कडेकडे हवा काढत जायचं. दाराच्या फटीवर रेष तुटता कामा नये, म्हणून पुढच्या मडगार्डपासून मागच्या दिव्यापर्यंत नजर ठेवायची. आणि खरी अडचण वेगळीच. मेपल अजून उगवतं, कोपऱ्याचा सांधा आजचा सुतारही पाडू शकतो. १९७० च्या दशकातला तो नेमका छाप, तो तपकिरी रंग, जुळवून आणणं मात्र कठीण. मेळाव्यांत मान खऱ्या लाकडाला मिळतो. जास्त जपायला हवी ती ही नकली.

१९७३ चं तेलसंकट, मायलेजचे नियम, १९८३ च्या अखेरीस आलेली क्रायस्लरची मिनिव्हॅन : वॅगनचं राज्य गेलं. गंमत म्हणजे, त्या मिनिव्हॅनवरही लाकडाचा छाप मिळत असे.

(पडद्यावर : सिग्नल, ब्युइक रोडमास्टर इस्टेट)

अमेरिकेतल्या या अवाढव्य वॅगन्स १९९६ मध्ये बंद झाल्या. ही त्यातलीच, अंगावर छापाचं लाकूड. नाक मुरडणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं, की शेवटच्या तीन वर्षांत हिच्या बॉनेटखाली कॉर्व्हेट या स्पोर्ट्स कारच्या घराण्यातलं ५.७ लिटरचं इंजिन होतं, २६० हॉर्सपॉवरचं. हिरवा दिवा लागलाय. बघा.