तिवराची पानं कुणी खाल्ली?

(दृश्य : ठाणे खाडी, ऐरोली. भाद्रपदातली सकाळ. ओहोटी लागलेली.)

ऐरोलीच्या पुलावरून मुलुंडकडे निघालं की खाडीच्या काठाने गर्द हिरवा पट्टा दिसतो. तो तिवरांचा, म्हणजे खाऱ्या चिखलात वाढणाऱ्या खारफुटीच्या झाडांचा. आठ-दहा दिवसांपूर्वीपर्यंत तो हिरवाच होता. आज त्यात ठिकठिकाणी तपकिरी चट्टे पडलेत. लांबून वाटावं, वणवा लागून गेलाय. पण दिवसातून दोनदा भरतीचं पाणी शिरतं त्या चिखलात वणवा लागेल कसा?

सोसायटीच्या ग्रुपवर सकाळपासून फोटो फिरतायत. कुणी म्हणतं, झाडांना विष घातलं. कुणी म्हणतं, कारखान्याचं पाणी सोडलं. काही वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा हे पाहिलं, तेव्हा मलाही हे माणसाचंच काम वाटलं होतं. या खाडीने आजवर जे सोसलंय ते पाहता असा संशय घेणाऱ्याला दोष देता येत नाही.

दिवा गावाच्या धक्क्यावरून एका काकांच्या होडीत बसलो आणि त्या चट्ट्यांपाशी गेलो. काकांचा जन्म या खाडीत मासे धरण्यात गेलेला. त्यांनी एक डहाळी वाकवून माझ्यापुढे धरली. धड पान एकही नव्हतं, नुसत्या शिरा उरलेल्या. मग त्यांनी नखाने डहाळीची साल खरवडली. आत हिरवीगार, ओली. "झाड जितं आहे," एवढंच ते म्हणाले आणि होडी आणखी आत घातली.

(दृश्य : होडी तिवरांच्या दाटीत. निवेदन थांबतं, फक्त आवाज.)

ऐकलंत? रिपरिप चाललीय ना? आभाळ कोरडं आहे. हा पाऊस अळ्यांच्या विष्ठेचा आहे. मोहरीएवढ्या काळ्या गोळ्या वरून सतत पानांवर, चिखलावर, होडीच्या फळ्यांवर पडतायत. मान वर केली की प्रत्येक डहाळीवर अळ्या दिसतात. काही हिरवट, बऱ्याचशा जवळजवळ काळ्या, अंगावर नारिंगी आणि पांढरे पट्टे.

या किड्याचं शास्त्रीय नाव हिब्लिया प्युरा. वनखात्यातली माणसं त्याला सागाची पानं खाणारी अळी म्हणूनच ओळखतात. खाडीच्या पलीकडे, येऊरच्या डोंगरात साग आहे, आणि सागाची ही जुनी वैरीण. मग ती तिवरावर काय करते? साग आणि तिवर, एक डोंगरातला, दुसरा खाऱ्या चिखलातला. पण वनस्पतिशास्त्रात ही दोन्ही झाडं एके काळी घाणेरी-निर्गुडीच्या एकाच कुळात धरली जायची. आता त्यांची कुळं वेगळी केली असली, तरी नात्याची खूण पानांत उरली असणार. अळीला ती बरोबर सापडते.

(दृश्य : कोवळ्या पानाची मागची बाजू, अगदी जवळून.)

सुरुवात होते कोवळ्या पालवीपासून. मादी पतंग रात्री येते आणि पानाच्या मागच्या बाजूला, शिरेला लागून, एकेक सुटं अंडं घालते. अंडं पांढरट, चपटं, जेमतेम मिलिमीटरभर. एक मादी अशी पाचशेच्या घरात अंडी घालते, कधी हजारापर्यंतही. दोनेक दिवसांत ती फुटतात.

बाहेर आलेली अळी दोऱ्याएवढी. पान कुरतडण्याइतका जबडा अजून झालेला नसतो, त्यामुळे ती पानाचा पृष्ठभाग नुसता खरवडते. दोनदा कात टाकली की मात्र तिचं वागणं बदलतं. पानाच्या कडेला ती एक काप घेते, कापलेला तुकडा पानावर दुमडते आणि रेशमाच्या धाग्याने टाचून टाकते. झालं तिचं घर. भूक लागली की बाहेर येऊन खायचं, पुन्हा आत शिरायचं.

असं एक घर मी बोटाने हलकेच उघडलं. अळीने आधी मागे सरकायचा झटका दिला, मग सरळ उडी. खाली पडली नाही, धाग्याला लोंबकळत राहिली. चिमणी-मैनेच्या चोचीतून निसटायची हीच युक्ती. मी हात मागे घेतल्यावर ती तोच धागा धरून पुन्हा वर चढायला लागली.

अळीच्या पाच अवस्था. हवा मानवली तर सगळ्या मिळून दहा-बारा दिवसांत उरकतात, आणि यातलं बहुतेक खाणं शेवटच्या दोन अवस्थांमध्ये होतं. म्हणून आपल्याला वाटतं, झाडं एका रात्रीत करपली. किडा आठवडाभर आधीपासून तिथेच असतो, पण डोळ्यांत भरेल इतकं खाणं अगदी शेवटी होतं.

पुढे कोश. सागाच्या वनात पूर्ण वाढलेली अळी धाग्यावरून जमिनीवर उतरते आणि पाचोळ्यात कोश करते. खाडीत जमीन अशी नाहीच, खाली भरतीचं पाणी. इथे कोश वरच, दुमडलेल्या पानात. साधारण आठवड्याने पतंग बाहेर पडतो. पुढचे पंख मातकट करडे, बसल्यावर वाळकं पानच वाटावं. पंख उघडले की मागच्या काळपट पंखांवरचे नारिंगी पट्टे दिसतात. अंड्यापासून पतंगापर्यंत तीन-चार आठवडे.

केरळात नीलांबूरच्या सागवनांत या किड्याचा वर्षानुवर्षं अभ्यास झाला. कोवळ्या वयाच्या सागाची लाकडाची जवळपास ४४ टक्के वाढ ही अळी बुडवते, असं तिथल्या मोजणीत दिसलं. सागाच्या मालकाला हा मोठा फटका आहे. पण साग मरत नाही, पुन्हा पालवतो.

किडा आणि झाड यांचा सगळीकडेच असा समेट होत नाही. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियात पाइनच्या सालीखाली शिरणारा एक भुंगेरा आहे, तांदळाच्या दाण्याएवढा. मादी सालीच्या आत उभा बोगदा कोरत अंडी घालते, अळ्या आडव्या वाटा पोखरतात आणि झाडाचा अन्नरस वाहून नेणारा थरच खाऊन टाकतात. सोबत आलेली बुरशी पाण्याची वाट अडवते. झाड उभ्या उभ्या मरतं. पूर्वी कडाक्याची थंडी या अळ्यांना मारायची. हिवाळे सौम्य होत गेले आणि १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून तिथलं सुमारे १ कोटी ८० लाख हेक्टर वन या किड्याने घेरलं. पान खाणारा किडा आणि साल पोखरणारा किडा यांच्यातला हा फरक समजून घ्या. काकांनी नखाने साल खरवडून पाहिली ती उगाच नाही.

(दृश्य : फांदीवर उलटी लटकलेली, मऊ पडलेली अळी.)

ही अळी पाहा. जिवंत नाही. या किड्याला एका विषाणूचा रोग होतो. शरीर आतून वितळतं, कातडी फाटते आणि तो द्रव पानावर ओघळतो. ते पान दुसरीने खाल्लं की तिचीही तीच गत. गर्दी जितकी जास्त, तितकी ही साथ जोरात. वर पक्षी आहेत, मुंग्या आहेत, अळीच्या अंगात आपलं पोर वाढवणाऱ्या माश्या आहेत.

तरीही दर वर्षी मागणी होते : फवारणी करा. माझं कळकळीचं सांगणं आहे, करू नका. या झाडांखाली चिंबोऱ्या आहेत, कोळंबीची पिल्लं आहेत. किडे, खेकडे, कोळंबी ही सगळी संधिपाद, म्हणजे सांध्यासांध्यांचे पाय असलेल्या प्राण्यांची एकच जमात. अळीला मारणारं औषध भरतीच्या पाण्यात उतरलं, तर चिंबोरीला निवडून वगळणार नाही. आणि काकांची चूल त्या चिंबोरीवर पेटते.

(दृश्य : तीच जागा, दीड महिन्यानंतर.)

हा तोच पट्टा. पोपटी पालवी फुटलीय. पानाला जीभ लावून पाहिली तर खारट, तिवर जास्तीचं मीठ पानांवाटे बाहेर टाकतं.

(दृश्य : भरावाने बांध पडलेला खाडीचा कोपरा.)

आता इथे या. इथलीही तिवरं तपकिरी आहेत. २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाने खारफुटीवरचा भराव आणि तोड थांबवली, २०१८ मध्ये तोच आदेश पक्का केला. २०१५ पासून खाडीचा काही भाग फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२ पासून रामसर क्षेत्र, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. तरी इथे रात्रीतून डेब्रिज येऊन पडलं आणि भरतीची वाट बुजली.

या फांदीवर शिरा उरलेलं पान नाही. अळी नाही, धागा नाही, विष्ठा नाही. चिखल वाळून भेगाळलाय, चिखलातून वर डोकावून हवा घेणारी तिवरांची श्वासमुळं भरावाखाली गाडली गेलीत. काकांनी इथेही नखाने साल खरवडली. ती सुटून हातात आली. आत तपकिरी, कोरडं लाकूड.

त्यांनी काही न बोलता ती साल होडीत ठेवली. मी त्या जागेचा फोटो काढला, तारीख-वेळ टाकली आणि वनखात्याच्या कांदळवन कक्षाकडे, खारफुटी सांभाळणाऱ्या विभागाकडे, तक्रार लिहायला घेतली.