रॅलीची खालची पायरी आणि तिचे कडक नियम

[पडद्यावर: इंजिनापासून सुटा केलेला टर्बो. त्याच्या तोंडाशी धातूची कडी.]

या कडीच्या मधल्या छिद्राचा व्यास आहे 30 मिलिमीटर. रॅली3 या रॅली-गाड्यांच्या मधल्या वर्गातल्या गाडीचं इंजिन जेवढी हवा ओढतं, ती सगळी इथूनच आत जाते. हिला म्हणतात रिस्ट्रिक्टर.

वाट अरुंद झाली की हवेचा वेग वाढतो. तो आवाजाच्या वेगाला पोचला, की पुढे वाढत नाही. मग टर्बो, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा, कितीही जोरात फिरवा, दर सेकंदाला ठरावीक हवेपेक्षा कणभरही जास्त आत येत नाही. हवा मोजकी, म्हणून इंधनही मोजकंच जळतं आणि ताकदीवर छप्पर बसतं. फोर्डच्या फिएस्टा रॅली3 ची ताकद आहे साधारण 215 अश्वशक्ती. रॅली2 च्या रिस्ट्रिक्टरचं छिद्र 32 मिलिमीटरचं, सर्वोच्च रॅली1 चं 2024 पर्यंत 36, 2025 पासून 35.

मोटर स्पोर्टच्या नियमावलीत मला याहून देखणा नियम दिसलेला नाही. एका मापात ताकद बांधली जाते, आणि हे माप कुठल्याही तपासनिसाला घेता येतं.

अर्थात तिथेही पळवाट शोधली गेली. 1995 ची कातालुन्या रॅली. टोयोटाच्या सेलिका गाड्यांमध्ये रिस्ट्रिक्टर अशा खुबीने बसवला होता, की गाडी धावताना थोडी हवा त्याच्या बाजूने आत शिरायची. तपासणीसाठी नळी सोडवली, की तो आपोआप जागेवर यायचा आणि सगळं नियमात दिसायचं. एफआयएने, म्हणजे मोटर स्पोर्टच्या जागतिक संघटनेने, टोयोटाचे त्या मोसमाचे गुण काढून घेतले आणि संघावर वर्षभराची बंदी घातली. आज टर्बोला सील ठोकलं जातं, यामागे असाच अनुभव आहे.

[पडद्यावर: अरुंद मातीच्या रस्त्यावर एक छोटी हॅचबॅक, पुढची चाकं माती उडवताहेत.]

आता अगदी तळाशी येऊ. एफआयएच्या रचनेत पाच पायऱ्या आहेत आणि आकडा जितका मोठा तितकी पायरी खालची. रॅली5 आणि रॅली4 मधल्या गाड्यांत इंजिनाची ताकद फक्त पुढच्या चाकांना मिळते. रॅली5 मध्ये साधं इंजिन 1600 सीसीपर्यंत चालतं, टर्बो असेल तर 1333 पर्यंत. रेनोची क्लिओ रॅली5 घ्या: 1.3 लिटरचा टर्बो, 180 अश्वशक्ती, पाच गिअरचा सिक्वेन्शियल, म्हणजे गिअर क्रमानेच बदलणारा, गिअरबॉक्स. रॅली4 मध्ये साध्या इंजिनाला 2000 सीसीची मुभा आहे, टर्बोला मात्र तीच 1333 ची मर्यादा. रॅली4 च्या या दोन आकड्यांचं गणित जुळतं, कारण टर्बो इंजिनाची क्षमता दीडपट धरली जाते. प्यूजोची 208 रॅली4 तीन सिलिंडरच्या 1.2 लिटर इंजिनावर 200 अश्वशक्तीच्या वर जाते.

पुढच्या चाकांवर चालणारी गाडी वेग गमावला तर लवकर माफ करत नाही. वळणात चालक जास्त जोरात शिरला, तर गाडी सरळ बाहेरच्या कडेला जाऊ लागते. भीतीने हळू शिरला, तर पुढच्या सरळ पट्ट्यावर तो वेळ भरून काढायला इंजिनात राखीव जोर नसतो. म्हणून इथला चालक डाव्या पायाने ब्रेक वापरायला शिकतो. उजवा पाय अॅक्सिलरेटरवर ठेवूनच तो गाडीचं वजन पुढे आणतो आणि मागचा भाग वळवून घेतो. अवघ्या 180 अश्वशक्तीत वेळ काढायचा, तर सहचालकाने वाचलेली रस्त्याच्या वर्णनाची प्रत्येक नोट ऐकून तशीच गाडी चालवावी लागते.

वजनावरही कडक नजर असते. रॅली4 गाडीचं किमान वजन 1080 किलो. चालक-सहचालक त्यांच्या पोशाखासह आत बसले, की किमान 1240. गाडी हलकी भरली तर वजनं बसवावी लागतात. महागडे हलके धातू वापरून किलो किलो कमी करण्याच्या शर्यतीत पैसेवाला संघ पुढे निघून जातो, आणि या मर्यादेने ती शर्यतच निरर्थक होते.

[पडद्यावर: सीट आणि गालिचे काढलेली गाडी. आत पोलादी नळ्यांचा सांगाडा.]

सुरक्षेत मात्र काटकसर नाही. एफआयएच्या नियमांनुसार रोल केजच्या, म्हणजे या सांगाड्याच्या, मुख्य कमानीची नळी सांधा नसलेल्या, थंड अवस्थेत ओढलेल्या कार्बन पोलादाची हवी. व्यास 45 मिलिमीटर असेल तर जाडी अडीच मिलिमीटर, 50 असेल तर दोन. झाड 180 अश्वशक्तीच्या गाडीलाही तेवढंच कठीण लागतं. म्हणून पहिल्यांदा स्टेजवर, म्हणजे रॅलीच्या वेळ मोजल्या जाणाऱ्या रस्त्यावर, उतरणाऱ्या मुलीलाही हेल्मेट, मान सांभाळणारं साधन, आगरोधक पोशाख आणि आग विझवणारी यंत्रणा यांतून सूट मिळत नाही, आणि मिळूही नये.

[पडद्यावर: चारही चाकांनी खडी उडवत निघालेली फिएस्टा रॅली3.]

बरीच वर्षं खरी अडचण मधल्या टप्प्यावर होती. पुढच्या चाकांची गाडी सोडली, की समोर थेट आर5 वर्ग, म्हणजे आजचा रॅली2, यायचा: फोर व्हील ड्राइव्ह, खूप जास्त ताकद आणि त्याहून जास्त खर्च. कितीतरी गुणी चालकांची कारकीर्द या खिंडीत अडली, हे मला फार लागतं. एफआयएने रॅली3 आणली ती हे अंतर भरण्यासाठी. चारही चाकांना ताकद, 1210 किलो वजन, आणि सुरुवातीला गाडीच्या किमतीवर 1 लाख युरोची मर्यादा. 2021 मध्ये फोर्डच्या रॅली गाड्या बनवणाऱ्या एम-स्पोर्ट पोलंडने पहिली रॅली3 गाडी, फिएस्टा, तयार केली. 2022 पासून ज्युनिअर विश्व रॅली स्पर्धेत सगळे स्पर्धक हीच फिएस्टा चालवू लागले. गाड्या सारख्या, म्हणून घड्याळातला फरक चालकाच्या खात्यात जमा होतो.

छोट्या गाड्यांतून काय घडतं, ते नोंदींत आहेच. सेबास्तिएँ लोब 2001 मध्ये छोट्या सित्रोएनमधून सुपर 1600 वर्गाचा विजेता ठरला आणि 2004 पासून सलग नऊ वेळा विश्वविजेता झाला. सेबास्तिएँ ओजिए 2008 चा ज्युनिअर विजेता. फिनलंडचा सामी पायारी 2021 मध्ये फिएस्टा रॅली4 मधून ज्युनिअर विजेता झाला, 2024 मध्ये रॅली2 गाडीतून डब्ल्यूआरसी2, म्हणजे विश्व रॅली स्पर्धेतला दुसरा वर्ग, जिंकला आणि 2025 मध्ये टोयोटाच्या रॅली1 गाडीतून पूर्ण मोसम खेळला.

खर्चाला लगाम घालण्याचा हा विचार आता शिखरापर्यंत पोचतो आहे. 2027 पासूनच्या सर्वोच्च वर्गासाठी एफआयएने गाडीची किंमत 3 लाख 45 हजार युरोंवर बांधली आहे, आणि त्या गाड्यांची कामगिरी रॅली2 च्या जवळ आणली आहे.