नियम आणि व्यूह : अमेरिकन फुटबॉलची पहिली साठ वर्षे

श्रोतेहो, अमेरिकन फुटबॉलचा सामना प्रथमच पाहणाऱ्याला शिरस्त्राणे घातलेली धिप्पाड माणसे एकमेकांवर आदळताना दिसतात आणि खेळ दर काही सेकंदांनी थांबतो, याचे त्याला नवल वाटते. या थांबण्यातच खेळाची सारी बुद्धी साठवलेली आहे. माझे आजचे प्रतिपादन असे की, या खेळातला जवळजवळ प्रत्येक जुना व्यूह नियमांतल्या एखाद्या फटीतून जन्मला आणि ती फट बुजवणाऱ्या नव्या नियमाने पुढच्या व्यूहाला वाट करून दिली.

६ नोव्हेंबर १८६९ रोजी न्यू ब्रन्सविक येथे रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यात झालेला सामना पहिला मानतात. मात्र त्यात प्रत्येक बाजूला पंचवीस खेळाडू होते आणि चेंडू हातात घेऊन पळण्याची मुभा नव्हती, त्यामुळे आपल्या विषयाला खरा आरंभ होतो तो १८८० साली. येल विद्यापीठाच्या वॉल्टर कॅम्प यांनी खेळाडूंची संख्या अकरावर आणली आणि रग्बीतल्या झुंबडीऐवजी ‘स्क्रिमेज’ आणले. झुंबडीतून चेंडू कोणाला मिळेल याचा नेम नसे. आता तो एकाच संघाच्या ताब्यात राहून मधल्या खेळाडूने टाचेने मागे, ‘क्वार्टरबॅक’ म्हटल्या जाणाऱ्या आपल्याच गड्याकडे सरकवायचा होता. ताबा निश्चित झाला, तेव्हाच पुढची खेळी आधी ठरवणे शक्य झाले. पण लगेच फटही सापडली. १८८१च्या येल-प्रिन्स्टन सामन्यात दोन्ही संघांनी सामन्याच्या एकेका अर्ध्या भागात चेंडू नुसता धरून ठेवला आणि सामना शून्य-शून्य सुटला. म्हणून १८८२ साली तीन प्रयत्नांत, म्हणजे तीन ‘डाउन’मध्ये, पाच यार्ड पुढे जाण्याची अट आली, नाहीतर चेंडूचा ताबा जाई.

१८८८ साली कमरेखाली, गुडघ्यापर्यंत पकडण्यास परवानगी मिळाली. मोकळ्यावर पळणारा गडी आता सहज पाडता येऊ लागला, तेव्हा आघाडीचे खेळाडू खांद्याला खांदा भिडवून उभे राहू लागले आणि पाच यार्ड मिळवण्यासाठी माणसांचा लोंढाच प्रतिपक्षावर लोटण्याची पद्धत रुजली. तिचे टोक गाठले ते लॉरिन डिलँड यांनी. बोस्टनचे हे गृहस्थ बुद्धिबळपटू आणि नेपोलियनच्या मोहिमांचे अभ्यासक. फुटबॉल ते स्वतः कधी खेळले नव्हते. त्या काळी खेळ सुरू करणाऱ्याने चेंडूला नुसता पाय लावून तो स्वतःच उचलला तरी चालत असे. डिलँड यांनी हार्वर्डचे खेळाडू दोन गटांत बरेच मागे उभे केले. ते तिरके धावत आले, चेंडूपाशी पाचरीसारखे एकत्र झाले आणि त्या पाचरीच्या आडून चेंडू घेतलेला गडी निघाला. १९ नोव्हेंबर १८९२ रोजी स्प्रिंगफील्डमध्ये येलविरुद्ध उत्तरार्धाच्या आरंभी हे घडले. हार्वर्डला गुण मिळाला नाही, सामनाही येलने जिंकला, तरी पुढच्याच हंगामात ही ‘फ्लाइंग वेज’ अनेक संघांनी उचलली. १८९४ साली आरंभीची लाथ किमान दहा यार्ड गेलीच पाहिजे असा नियम होऊन तिची वाट बंद झाली.

याच सुमारास खेळी कागदावर आल्या. एमॉस अलोन्झो स्टॅग आणि हेन्री विल्यम्स यांनी १८९३ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात प्रत्येक खेळीत कोणी कुठे उभे राहायचे आणि कोणाला अडवायचे हे आकृत्यांनिशी दाखवले आहे. मला हे पाचरीपेक्षाही मोठे पाऊल वाटते, कारण तोपर्यंत कर्णधाराच्या डोक्यात असलेली विद्या आता दूरच्या शाळेतल्या मुलांनाही शिकता येऊ लागली.

पाचर गेली, पण लोंढा गेला नाही. पेनसिल्वेनिया विद्यापीठाचे प्रशिक्षक जॉर्ज वुड्रफ यांनी आघाडीतले, मधल्या खेळाडूच्या दोन्ही बाजूंचे गडी, म्हणजे ‘गार्ड’, मागे घेऊन त्यांना धावत्या आघातासाठी वापरले. १९०५च्या हंगामात किमान अठरा खेळाडूंचा जीव गेला; राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या प्रतिनिधींना बोलावून घेतले होते. १९०६च्या नव्या नियमांनी तीन डाउनमध्ये दहा यार्डांची अट घातली आणि चेंडू पुढे फेकण्यास मान्यता दिली. त्याच वर्षी ५ सप्टेंबरला सेंट लुईस विद्यापीठाच्या ब्रॅडबरी रॉबिन्सनने कॅरल कॉलेजविरुद्ध पहिली वैध फेक केली. ती कोणाच्याही हाती न लागल्याने नियमाप्रमाणे ताबा गेला. फेक चुकल्याची शिक्षा इतकी कडक असल्यामुळे बहुतेक प्रशिक्षक तिच्या वाटेला जात नसत.

१९१०चा नियम मला सर्वांत निर्णायक वाटतो. चेंडू असलेल्या संघाचे किमान सात खेळाडू आघाडीच्या रेषेवर हवेत, असे ठरले, आणि आपल्याच चेंडूवाल्या गड्याला ढकलण्या-ओढण्यावरही बंदी आली. मागे उरले चौघे. त्यांना कसे उभे करायचे, हाच इथून पुढे व्यूहरचनेचा प्रश्न झाला. प्रशिक्षक ग्लेन ‘पॉप’ वॉर्नर यांनी कार्लाइल येथील शाळेत याचे उत्तर शोधले. मूलनिवासी मुलांची भाषा आणि संस्कृती पुसण्यासाठी सरकारने चालवलेली ती शाळा होती, हे विसरता कामा नये. त्याच मुलांनी अमेरिकेतल्या श्रीमंत विद्यापीठांना चातुर्याने हरवले. वॉर्नर यांच्या ‘सिंगल विंग’मध्ये एक खेळाडू रेषेच्या टोकाबाहेर उभा राही आणि चेंडू थेट काही यार्ड मागे उभ्या असलेल्या गड्याकडे, म्हणजे ‘टेलबॅक’कडे, जाई. तो पळेल, फेकेल की लाथाडेल, हे प्रतिपक्षाला कळत नसे. १९१२ साली जिम थॉर्प असलेल्या कार्लाइलने लष्करी अकादमीच्या संघाला २७-६ असे नमवले. हरलेल्या संघात पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले ड्वाइट आयझेनहॉवर होते.

पुढची पंचवीसेक वर्षे सिंगल विंगचाच जोर राहिला. मग कॅम्प यांच्या काळातला, चेंडूच्या अगदी मागे क्वार्टरबॅक असलेला जुना ‘टी’ व्यूह प्रशिक्षक क्लार्क शॉनेसी आणि शिकागो बेअर्स या व्यावसायिक संघाचे जॉर्ज हॅलस यांनी नव्याने घडवला. चेंडू आता हातातून हातात जाई, आणि क्वार्टरबॅक पाठ फिरवून तो कोणाला देतो हे लपवू शकत असे. ८ डिसेंबर १९४० रोजी व्यावसायिक संघांच्या अजिंक्यपदाच्या सामन्यात बेअर्सने वॉशिंग्टनचा ७३-० असा धुव्वा उडवला. त्यानंतर एकेक संघ ‘टी’कडे वळला, व्यावसायिक संघांपैकी पिट्सबर्ग स्टीलर्सनी मात्र १९५१च्या हंगामापर्यंत सिंगल विंग सोडली नाही.